ती वेल, तो पाद्री आणि चारशे वर्षांचा संशय

आजचा भाग एका भाजीपासून सुरू होतो आणि तिथून मेक्सिकोत जातो, मग स्वित्झर्लंडला, मग जर्मनीला. घाबरू नका, हरवणार नाही आपण. धागा एकच आहे, आणि तो धागा म्हणजे एक वेल.

पाऊस नीट लागला की आपल्याकडे आठवडी बाजारात कडेला बसलेल्या बायकांपुढे रानभाज्यांच्या जुड्या दिसायला लागतात. टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी. त्यातच कधीकधी असतात फांदीची पानं. कुठे फांद म्हणतात, कुठे फांजी, कुठे फांग. पान गोलसर, बदामी आकाराचं, खालच्या बाजूला रेशमासारखी चंदेरी लव. कोवळी पानं चिरून कांदा-लसूण-मिरचीवर परततात, कुणी त्यात डाळ घालतं, कुणी बेसनात बुडवून भजी तळतं. वेल दणकट, शेजारच्या झाडावर चढून त्याला पार झाकून टाकणारी. फुलं पांढरीशुभ्र, आणि उमलतात रात्री.

या फांदीचं शास्त्रीय नाव रिव्हिया हायपोक्रॅटेरिफॉर्मिस. दुसरा शब्द पाठ करायची गरज नाही, त्याचा अर्थ एवढाच की फूल तबकासारखं पसरट आहे. पहिला शब्द मात्र लक्षात ठेवा. रिव्हिया. ही प्रजाती, म्हणजे साधारण आडनावासारखी गोष्ट. आणि या आडनावाचं घराणं कुठलं, तर हरिणपदी कूळ. रताळं याच कुळातलं, समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पसरणारी मर्यादवेल याच कुळातली, कुंपणावरची गणेशवेलही यातलीच. १८३० च्या दशकात जिनिव्हाच्या श्वाझी नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं पूर्वेकडच्या देशांतल्या या कुळावर मोठं काम केलं, तेव्हा रिव्हिया हे नाव दिलं. 'द ला रीव्ह' या जिनिव्हातल्या आडनावावरून. आपल्या रानातल्या वेलीला स्विस आडनाव! असो. असं हजारो झाडांचं झालंय.

आता गंमत ऐका. १८९३ मध्ये हान्स हालिअर नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञानं मेक्सिकोतली एक वेल उचलून याच रिव्हियात टाकली. पांढऱ्या फुलांचे घोस येणारी, बदामी पानांची. तिला लिनिअसनं १७५९ मध्येच एक नाव दिलेलं होतं, मग दुसऱ्यानं दुसरं, तिसऱ्यानं तिसरं. हालिअरनंतर ती झाली रिव्हिया कोरिंबोसा. म्हणजे कागदोपत्री आपल्या फांदीची सख्खी बहीण. विसाव्या शतकातल्या बहुतेक पुस्तकांत ती याच नावानं भेटते, आणि म्हणून मी तिच्यापर्यंत पोचलो. फांदीबद्दल वाचायला गेलो आणि पुढची सगळी पानं मेक्सिकोची निघाली.

मेक्सिकोत तिच्या बियांना म्हणायचे ओलोलिउकी. नाहुआत्ल भाषेतला शब्द, अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा. अर्थ, गोल वस्तू. वेलीचं नाव वेगळं होतं, कोआत्ल-शोशोउकी, हिरवा साप. झाडावर चढणारी वेल बघितली की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

हे सगळं आपल्याला कुठून माहीत? स्पॅनिश लोकांकडून. १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी पडली आणि त्यानंतर काहीच वर्षांत मिशनरी येऊ लागले. त्यातला एक सहागून, १५२९ मध्ये आलेला. त्यानं जे केलं ते आजही थक्क करणारं आहे. स्थानिक म्हाताऱ्यांना, वैद्यांना बसवून प्रश्न विचारले, त्यांच्याच भाषेत उत्तरं लिहून घेतली, आणि बारा खंडांचा ग्रंथ तयार केला, नाहुआत्ल आणि स्पॅनिश दोन्हीत. त्यात ही वेल आहे, आणि तिच्या बियांनी माणसाचं भान जातं, त्याला भयंकर गोष्टी दिसतात, हेही आहे.

दुसरा साक्षीदार फ्रान्सिस्को एर्नांदेस. राजा फिलिप दुसरा याचा वैद्य. १५७० ते १५७७ मेक्सिकोत हिंडून त्यानं हजारो वनस्पतींची नोंद केली. ओलोलिउकीचं वर्णन त्यानं इतकं नेटकं केलंय की आज कुणीही ओळखेल. वेल, पातळ हिरवी बदामी पानं, पांढरी लांबट फुलं, गोल बी. औषधी उपयोग लिहिले. आणि हेही लिहिलं की इथले पुजारी देवाशी बोलायचं असलं की हे घेतात, मग त्यांना नाना आकृती दिसतात. त्याच्या ग्रंथाची मूळ हस्तलिखितं १६७१ मध्ये एस्कोरिअलच्या आगीत जळाली, पण त्याआधी १६५१ मध्ये रोममध्ये एक आवृत्ती छापून झाली होती. तिच्यात चित्र आहे. चित्रात स्पष्ट हरिणपदी कुळातली वेल आहे. पण याच एर्नांदेसनं एक विचित्र वाक्य लिहून ठेवलंय. ही वेल कुठे उगवते ते सांगितलं नाही तरी बिघडत नाही, अशा अर्थाचं. स्पॅनिश लोकांना ती माहीत असण्याची गरजच नाही, असा त्याचा सूर. राजाचा वैद्य, राजाच्या पैशानं फिरलेला, आणि पत्ता मात्र लपवतो!

तिसरा साक्षीदार या भागाचा नायक आहे की खलनायक, तुम्ही ठरवा. एर्नान्दो रुईस दे आलार्कोन. आजच्या गेरेरो राज्यातल्या आतेनांगो गावाचा पाद्री. त्याचा भाऊ हुआन माद्रिदमध्ये नाटककार म्हणून गाजला, स्पॅनिश साहित्यातलं मोठं नाव. आणि हा इकडे डोंगरात लोकांच्या घरांची झडती घेत फिरत होता.

इथे एक बारकावा. मेक्सिकोत इन्क्विझिशनचं न्यायालय १५७१ मध्ये बसलं, पण मूळ रहिवाशांना त्याच्या कक्षेतून वगळलं होतं. त्यांची प्रकरणं बिशपच्या अखत्यारीत. आलार्कोन आधी स्वतःच्याच मनानं लोकांना शिक्षा ठोठावायचा, त्यावरून उलट त्याचीच चौकशी झाली. निकाल काय लागला? त्याला गप्प बसवलं नाही. पुढे त्याला रीतसर चर्चचा न्यायाधीशच नेमलं. म्हणजे जे काम तो बेकायदा करत होता ते आता कायद्यानं करायला मोकळा.

१६२९ मध्ये त्यानं आपला ग्रंथ पुरा केला. मूळ रहिवाशांच्या अंधश्रद्धा हा विषय. हेतू सरळ होता, इतर पाद्र्यांना कळावं की काय शोधायचं आणि काय नष्ट करायचं. पण त्यासाठी त्यानं मंत्रच्या मंत्र नाहुआत्लमध्ये जसेच्या तसे लिहून घेतले. मला हा माणूस आवडत नाही, उघड सांगतो. पण तो नसता तर आज या भागात सांगायला निम्मंही उरलं नसतं. ज्यानं पुसायला घेतलं त्यानंच नोंदवून ठेवलं. ग्रंथ नंतर अडीचशे वर्षं हस्तलिखितातच पडून होता, छापला गेला १८९२ मध्ये.

तो काय सांगतो? ओलोलिउकीच्या बिया लोक एका छोट्या टोपलीत ठेवत. टोपली घरातल्या पूजेच्या जागी. ती घराण्याची ठेव असायची, बापाकडून मुलाकडे जाणारी, आणि वारसाशिवाय कुणी तिला हलवायचं नाही. आपल्याकडे देवघरात कुलदैवताचे टाक असतात ना, पिढीजात, कुणीही उचलायचे नाहीत? ते डोळ्यांसमोर आणा. बियांपुढे उदबत्तीसारखा धूप, फुलं. या बियांत देव आहे अशी श्रद्धा. आजार बरा होत नसेल, काही चोरीला गेलं असेल, बायको घर सोडून गेली असेल, तर जाणकार माणूस एका बंद खोलीत एकटा बसून बियांचं पेय घ्यायचा आणि उत्तर घेऊन बाहेर यायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोक बोलायचे नाहीत. आलार्कोन वैतागून लिहितो की ही माणसं काहीही झालं तरी कबूल करत नाहीत. त्यांना चर्चच्या शिक्षेपेक्षा ओलोलिउकीच्या कोपाची जास्त भीती. त्यानं टोपल्या जप्त केल्या, बिया सगळ्यांसमोर जाळल्या, नदीकाठच्या वेली तोडायला लावल्या. मग तो आजारी पडला. गावात कुजबुज सुरू झाली की ओलोलिउकी रागावली याच्यावर. हेही त्यानं स्वतःच लिहिलंय. कुजबुज कानावर आल्यावर त्यानं काय केलं असेल? अजून बिया जाळल्या.

यानंतर गोष्ट दोनेकशे वर्षं गप्प होते. म्हणजे कागदावर गप्प होते. ओआहाकाच्या डोंगरात सापोतेक, मासातेक, चिनान्तेक लोकांत ती चालूच होती, फक्त नाव बदलून. बियांना आता म्हणायचे 'कुमारी मारियेच्या बिया'. पाद्र्यानं विचारलं तर नाव तर त्याच्याच धर्मातलं! वेल अंगणात वाढत होती. दरम्यान युकातानमध्ये याच वेलीला माया भाषेत श्ताबेन्तुन म्हणतात आणि तिच्या फुलांच्या मधापासूनच्या दारूचंही नाव तेच आहे. क्युबात तर नाताळच्या सुमाराला फुलणारी ही वेल मधमाश्यांचं मोठं खाद्य. म्हणजे ही कुठल्या दुर्गम दरीतली, कुणी न पाहिलेली वनस्पती नव्हती. रस्त्याच्या कडेला होती.

आता विसावं शतक. इथून पुढे मला खरं तर हा भाग करावासा वाटला.

मेक्सिकन वनस्पतीशास्त्रज्ञ मान्युएल उर्बिनानं १८९७ च्या आसपास जुनी वर्णनं आणि चित्र जुळवून सांगितलं की ओलोलिउकी म्हणजे ही हरिणपदी कुळातली वेल. बरोबर सांगितलं. पण १९१५ च्या सुमाराला अमेरिकेच्या कृषी खात्यातले विल्यम सॅफर्ड नावाचे नामांकित वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणाले, छे. ओलोलिउकी म्हणजे धोतरा.

धोतरा! आपल्याला शंकराला वाहायचा म्हणून माहीत असलेला, त्याचा मेक्सिकन भाऊबंद. सॅफर्डना मूर्ख समजू नका. त्यांचं म्हणणं एकेक करून तपासलं तर पटण्यासारखं होतं. धोतऱ्याचं फूलही लांब नळीसारखं असतं. धोतऱ्यानं भान जातं हे जगजाहीर. मेक्सिकोत धोतरा भविष्य बघायला वापरतात हेही खरं. आणि सगळ्यात भक्कम मुद्दा असा की रताळ्याच्या या अख्ख्या कुळात मेंदूवर परिणाम करणारा एकही पदार्थ कुणाला सापडलेला नव्हता. रसायनशास्त्र म्हणतं नाही, तर नाही.

मग चित्राचं काय? सहागूनचं काय, एर्नांदेसचं काय? सॅफर्ड म्हणाले, स्थानिकांनी फसवलं. खरी वनस्पती लपवली आणि स्पॅनिश लोकांच्या हातात भलतीच वेल दिली. हेच त्यांनी त्या लोकांच्या पवित्र अळंबीबद्दलही म्हटलं. अशी अळंबी नाहीच, वाळवलेल्या पेयोटे निवडुंगाला लोक अळंबी समजले.

इथे मी वाचताना थांबलो होतो. कारण हा युक्तिवाद कसा बसवलाय बघा. लोक पाद्र्यापासून लपवत होते हे खरंच आहे, आलार्कोन तेच सांगतो. पण ते बिया लपवत होते, घरातली टोपली लपवत होते. सॅफर्डनी त्याच लपवण्याचा पुरावा करून म्हटलं की मग त्यांनी जे दाखवलं ते खोटं असणार. एकदा असं धरलं की साक्षीदार काहीही बोलला तरी हरतो. बोलला नाही तर लपवतोय. बोलला तर फसवतोय.

सॅफर्डचं वजन मोठं. पुस्तकांत धोतराच चालू राहिला. विरोधात बोलणारा एक होता, ब्लास पाब्लो रेको. ऑस्ट्रियातून येऊन मेक्सिकोत स्थायिक झालेला डॉक्टर आणि हौशी वनस्पतीशास्त्रज्ञ. तो ओआहाकात राहत होता, लोकांशी बोलत होता, आणि सांगत होता की वेलच आहे हो, आणि अळंबीही आहे, आजही वापरतात. वॉशिंग्टनमधल्या कार्यालयापेक्षा त्याला गाव जवळ होतं. पण त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

त्याचं म्हणणं मनावर घेणारा एक मुलगा निघाला, रिचर्ड इव्हान्स शुल्टेस. हार्वर्डचा विद्यार्थी, बोस्टनचा, जन्म १९१५ चा. म्हणजे सॅफर्डचा धोतरा आणि हा मुलगा साधारण एकाच वयाचे. १९३८ मध्ये तो रेकोबरोबर ओआहाकात गेला आणि अळंबीचे नमुने मिळवले. सॅफर्डचा अर्धा सिद्धांत तिथेच कोसळला. पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, ईशान्य ओआहाकातल्या सान्तो दोमिंगो लातानी नावाच्या सापोतेक गावात तो एका वैद्याच्या घरी पोचला. वेल कुठे होती? दारातच. अंगणात लावलेली. शुल्टेसनं तिचा फुलांसकट नमुना घेतला, कागदावर चिकटवला, आणि १९४१ मध्ये हार्वर्डमधून छोटं पुस्तक काढलं. शीर्षकातच नाव होतं, रिव्हिया कोरिंबोसा. मुलाचं वय सव्वीस.

शुल्टेसनं पुढे बारा-तेरा वर्षं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात काढली, तो स्वतंत्र भागाचा विषय आहे. पण मला त्याची ही पहिली चाल जास्त आवडते. त्यानं कुठलंही नवं यंत्र वापरलं नाही. जिथे प्रश्न होता तिथे गेला आणि ज्यांना माहीत होतं त्यांना विचारलं.

तरी रसायनशास्त्रवाल्यांचा मुद्दा उरलाच होता. बरं, वेल तीच. पण तिच्यात आहे काय? १९५५ मध्ये हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं बियांचा प्रयोग स्वतःवर केला आणि परिणाम होतो असं छापलं. दुसऱ्या एकानं आठ जणांना बिया दिल्या, कुणाला काही झालं नाही. पुन्हा संशय. पाहा, लोकच काहीतरी कल्पना करत असतील!

मग गोष्ट बाझलला गेली. स्वित्झर्लंडमधलं बाझल, सांडोझ औषध कंपनीची प्रयोगशाळा, आणि आल्बर्ट हॉफमन. नाव ओळखीचं वाटलं असेल. एलएसडी बनवणारा हाच. तो पदार्थ त्यानं १९३८ मध्ये बनवला आणि १९४३ मध्ये त्याचा परिणाम स्वतःच्या अंगावर कळला. पण तो काही नशेच्या शोधात नव्हता, त्याचा विषय अर्गट. अर्गट म्हणजे राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी. मध्ययुगीन युरोपात ही बुरशी पावात गेली की गावंच्या गावं आजारी पडायची, हातापायांची बोटं काळी पडून गळायची. त्याच बुरशीतून सुईणी प्रसूतीसाठी औषध करायच्या आणि पुढे सांडोझनं तिच्यातले घटक वेगळे काढून औषधं बाजारात आणली. हॉफमनचं सगळं आयुष्य या एका बुरशीच्या रसायनात गेलं.

न्यूयॉर्कच्या बँकेतला एक अधिकारी, गॉर्डन वॉसन, हौसेनं मेक्सिकोतल्या अळंबीच्या मागे लागला होता. त्याच्यामुळे हॉफमनला अळंबी मिळाली होती, आणि १९५९ मध्ये त्यानंच ओलोलिउकीच्या बिया पाठवल्या, सापोतेक लोकांकडून आणलेल्या. हॉफमननं त्यातला घटक वेगळा केला आणि बघतो तर ओळखीचा चेहरा. लायसर्जिक आम्लाचं अमाइड. एलएसडीचा अगदी जवळचा नातेवाईक. ज्या घराण्याची रसायनं फक्त अर्गटसारख्या बुरशीत मिळतात असं सगळे मानत होते, ते घराणं एका फुलं येणाऱ्या वेलीच्या बीमध्ये!

१९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या परिषदेत त्यानं हे सांगितलं. आणि सभागृहानं काय केलं? विश्वास ठेवला नाही. तुमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं अर्गटच चालतंय, काहीतरी सांडलं असेल, भांडी नीट धुतली नसतील, असा सूर निघाला. बुरशी कुठे, रताळ्याचं कूळ कुठे! आता हॉफमन त्या सापोतेक वैद्याच्या जागी उभा होता. बघितलेलं सांगत होता आणि समोरचे म्हणत होते, शक्यच नाही.

फरक एवढाच की त्याला चारशे वर्षं थांबावं लागलं नाही. दोन-तीन वर्षांत इतर प्रयोगशाळांना तेच सापडलं. १९६२ मध्ये कॅनडातल्या दोघा संशोधकांनी तर मुद्दाम तपासलं की बियांवर कुठली बुरशी बसलीये का आणि हा पदार्थ तिचा आहे का. त्यांना वाढवता आलेल्या बुरशींपैकी एकही तो पदार्थ बनवत नव्हती. पदार्थ बीच्या आत, गर्भात होता. म्हणजे वेलच बनवते. प्रकरण बंद.

१९६५ मध्ये हा धागा पुन्हा भारताकडे वळला. हवाई बेटांवर काम करणाऱ्या संशोधकांना हेच घटक आणखी एका वेलीच्या बियांत सापडले. जगभर तिला 'हवाईयन' म्हणून ओळखतात, पण ती मुळात भारतीय. आपला समुद्रशोक, संस्कृतात वृद्धदारुक. मोठाली पानं, खालून पांढरी लव. आयुर्वेदात तिचं मूळ वापरतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इंटरनेटवर या बियांबद्दल फार काही फिरतं. हे अर्गटचं घराणं आहे. मळमळ, उलट्या, रक्तवाहिन्या आवळणं, गर्भाशय आकुंचन पावणं, हे सगळं त्यात येतं. इतिहास ऐका, बिया चघळू नका. आणि फांदीबद्दल घाबरू नका. ती भाजी आहे, पिढ्यान्‌पिढ्या शिजवून खाल्लेली. आडनाव एक होतं म्हणून गुण एक होत नाहीत. शिवाय ते आडनावही आता राहिलेलं नाही. वनस्पतीशास्त्रज्ञांनी मेक्सिकोतल्या वेलीला रिव्हियातून काढून टर्बिनात टाकलं, आणि तिथून आता आयपोमियात, म्हणजे रताळ्याच्या घरात. फांद मात्र रिव्हियातच आहे.

तर, प्रकरण बंद झालं होतं ना? चाळीस वर्षं बंदच होतं. मग जर्मनीत, बॉन विद्यापीठात, आयपोमियाच्या एका वेलीवर काम चालू होतं. पानांच्या वरच्या बाजूला पांढुरके ठिपके दिसायचे. वेलीवर बुरशीनाशक मारलं. ठिपके गेले. वेल ठणठणीत. आणि पानांतली ती अर्गटवाली रसायनंसुद्धा गेली! २००४ मध्ये त्यांनी हे छापलं.

म्हणजे बुरशी होती. अर्गटच्याच घराण्यातली. पानावरच्या तेलाच्या बारीक ग्रंथींना बिलगून राहणारी, बीमधून पुढच्या पिढीत जाणारी, आणि वेलीपासून तोडली तर प्रयोगशाळेच्या बशीत न वाढणारी. म्हणूनच १९६२ च्या मंडळींच्या हाती लागली नाही. रसायन बनवते बुरशी, साठवते वेल. किडे दूर राहतात, बुरशीला घर मिळतं. २०११ मध्ये या बुरशीचं रीतसर बारसं झालं. पेरिग्लँड्युला, ग्रंथीभोवतीची. दोन जाती नोंदवल्या. त्यातली दुसरी मिळाली थेट ओलोलिउकीवर, आणि तिचं नाव ठेवलं टर्बिनी, कारण वेल तेव्हा टर्बिना होती. नंतर वेलीचं आडनाव बदललं, बुरशी मात्र जुन्याच पत्त्यावर राहिली.

आता मागे वळून हिशेब लावा. सॅफर्ड म्हणाले या कुळातली वनस्पती असला पदार्थ बनवत नाही. काटेकोर बोलायचं तर बरोबर! ऑस्ट्रेलियातले संशयखोर म्हणाले हा बुरशीचा पदार्थ आहे. तेही बरोबर, फक्त बुरशी बाझलच्या भांड्यात नव्हती, बीमध्ये होती. नियम सगळ्यांचे नीट होते. आणि तरी, ही वेल, हे बी, हा परिणाम, एवढं साधं सरळ सांगणारी माणसं सोळाव्या शतकापासून एकच गोष्ट सांगत होती आणि खोटारडी ठरत होती.

अजून एक ताजी बातमी. मेक्सिकोतल्या त्या लोकांची दुसरीही एक वेल होती, काळ्या बियांची, निळ्या फुलांची, जगभर बागेत लावतात ती. तिच्या बियांतही हॉफमनला तेच सापडलं होतं, पण तिच्या पानांवर ठिपके दिसत नाहीत, त्यामुळे बुरशी असणार असं वाटूनही कुणाला दिसत नव्हती. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीला बीच्या सालीवर बारीकशी लव दिसली. तीच ती. नाव ठेवलं पेरिग्लँड्युला क्लँडेस्टिना. लपून राहिलेली.

आणि हो, येत्या पावसात बाजारात फांद दिसली तर एक जुडी घ्या. विकणाऱ्या मावशींना विचारून बघा कुठल्या रानातून आणली. बहुतेक हसतील आणि सांगणार नाहीत. तेवढं एर्नांदेसला कळलं होतं.

भेटूया पुढच्या भागात.